बारीक हाड

माधवनगरच्या शेडमध्ये एकतीस वर्षं लेथवर उभा आहे.
जॉब चकात धरला की नुसत्या नजरेला कळतं
किती सूत कमी, किती जास्त.
पण त्या गाठीचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
सुप्रभाच्या आईनं तर पहिल्या दिवसापासून
त्याला फक्त ‘ते’ म्हटलं.
‘ते’ परत आलंय का, ‘ते’ छातीत गेलंय का,
हुसकावलेल्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं.

ती अकरा वर्षांची होती. नडगीवर टेंगूळ.
खो-खोत लागलं असेल म्हणून दोन महिने आंबेहळद लावली.
त्या दोन महिन्यांचा हिशेब कुणी मागितला नाही,
मीच मांडतो, रात्रपाळीला.
मिरजेचे डॉक्टर म्हणाले, दहा लाखांत एखाद्याला होतं.
आमची पोर लाखात एक, असं तिची आजी म्हणायची.
त्यानंतर नाही म्हणाली.

नडगी मधनं वीतभर कापून काढली,
आणि दुसऱ्या पायातलं शेजारचं बारीक हाड,
जे एरवी नुसतं सोबतीला असतं,
ते आणून तिथं बसवलं. वर-खाली स्क्रू.
मी विचारलं, साहेब, पेन्सिलीएवढं हे, भार कसा घेणार?
म्हणाले, भार दिला की शिकतं.

माझ्या धंद्यात असं नाही.
वापरून वापरून जाड झालेला शाफ्ट
मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

तेव्हापासून दर फिल्म खिडकीला धरायची
आणि व्हर्निअर लावायचा.
फाईलच्या पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीनं:
नऊ पॉइंट दोन.
नऊ पॉइंट सहा.
अकरा. कुबडी माळ्यावर गेली.
अकराच. त्या रात्री जेवलो नाही.
तेरा पॉइंट चार.
एक्स-रेवाला हसला, मामा, सावली मोठी पडते,
हे माप खरं नसतं.
माहीत होतं मला.
पण दरवेळी तेवढंच खोटं असलं
की खोटं मापही कामाला येतं.

पुराच्या साली सांगलीवाडीत पाणी उंबऱ्याला लागलं
तेव्हा हिनं बोटीत आधी फाईलची पेटी चढवली,
मग गॅसचं पुस्तक, मग माझ्या आईला.
आई वर्षभर बोलत होती त्यावर.

एक स्थळ आलं होतं तासगावचं.
परत होणार नाही असं लिहून देता का, म्हणाले.
सुप्रभा म्हणाली, तुम्ही देता का,
तुम्हाला काहीच होणार नाही असं?
चहा तसाच राहिला. बशी मी विसळली.

मिरजेचे ते डॉक्टर निवृत्त झाले.
आता तिथं एक पोरगेला डॉक्टर बसतो,
शिकाऊ मुलांना हाक मारतो, या, या,
पुस्तकात जेमतेम परिच्छेदभर असतं, इथं अख्खं बघून घ्या.
ती सलवार वर करते,
कंडक्टरला पास दाखवावा तशी.

आणि हल्ली फिल्म देतच नाहीत.
चित्र फोनवर येतं.
दोन बोटं फाकवली की हाड हवं तेवढं जाड.
व्हर्निअर कुठं लावू?

या खेपेला एकटीच गेली, स्कूटरवर,
पतसंस्थेतनं अर्धी रजा टाकून.
पप्पा, तुमचा चेहरा बघून बाकावरची माणसं घाबरतात, म्हणाली.
मी दिवसभरात तीन जॉब रिजेक्ट काढले.

संध्याकाळी हेल्मेट ठेवत म्हणाली,
काय नाही.
आता दोन वर्षांनी बोलावलंय.
हिनं पेढे आणले. मी एक खाल्ला.
अठरा वर्षं जे मागत होतो तेच मिळालं,
आणि मला मधलं ते रिकामं वर्ष दिसत राहिलं,
ज्याच्यावर नजर ठेवायला कुणीच नाही.

तिनं स्टुलावर पाय ठेवला.
घ्या, म्हणाली, मापा एकदाचं.
व्हर्निअरचे जबडे गार लागले तिला, हसली.
कातडी, मांस, जुना व्रण, आत ते हाड,
सगळं मिळून एक आकडा आला.
कशाचाच नव्हता तो.
पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवला.