पाय आत घ्या

"पाय आत घ्या, मावशी."
कंडक्टर नवा असणार. दापोली डेपोच्या जुन्यांना माहीत आहे,
हा पाय आत येत नाही.

मांडीपासून घोट्यापर्यंत सळई आहे.
माझा गुडघा होता तिथे आधी त्यांचा गुडघा बसवला,
त्यात पू झाला, काढला, धुतला,
औषध कालवलेल्या सिमेंटवर अख्खा पावसाळा काढला,
दुसरा बसवला. पुन्हा पू.
शेवटी डॉक्टर शेट्येंनी केसपेपरवर
पेनाने एक उभी रेघ ओढली:
असा राहील. पण राहील.

मी विचारलं, विळीवर बसता येईल?
ते रेघेकडेच बघत राहिले.

काशीराम भावोजींनी फुटक्या होडीची फळी
माझ्या कमरेएवढी उंच करून दिली, तिच्यावर विळी ठोकली.
हर्णैच्या बाजारात सगळ्या बसलेल्या,
मी एकटी उभी, एक चप्पल इंचभर जाड.
गिऱ्हाइकाला आधी मीच दिसते.
सरलाक्का म्हणते, लबाड.

न्हाणीघरातलं सांगत नाही.
दुखत नाही, हे मात्र सांगते.
चार वर्षांनी एकदा मध्यरात्री जाग आली
ती कशाने, कळेना.
समुद्र होता. बाकी काहीच नव्हतं.

आसूदच्या चढाला गर्दी वाढते.
बर्फाच्या पेटीवर टाच टेकवून मी बसलेली.
एक पोरगं उभं राहून दमतं,
इकडेतिकडे बघतं
आणि बाकावर बसावं तसं माझ्या नडगीवर बसतं.
आई ओरडते.
असू दे गो, म्हणते मी,
वाकायचा नाही तो.