हिडकलच्या पाण्यावरून

हजार विड्यांच्या हिशेबातून एक दिवस कापून
हौसाक्काने डबा बांधला:
भाकरी, खर्डा, आणि कुणाला लागलंच तर म्हणून
चार जास्तीच्या.

निपाणीहून सातजणी,
संकेश्वरात गाडी बदलून
उन्हं तापताना धरणाच्या पाण्यापाशी.

"बर्री, कुंद्री," दुरगप्पा अंबिगेर म्हणाला,
"उभं राहू नका. खाली आमचं गाव हाय."
आम्हाला वाटलं चेष्टा.
त्याने वल्ह्याने दाखवलं:
हितं चावडी, हितं शाळा,
ह्या चिंचेवरनं मी पडलोय.
पाणी नुसतं हिरवं.
तरी गौरव्वाने पदर सावरला,
कुणाच्या तरी अंगणातून चाललो होतो ना.

कड्यावर, पायऱ्या म्हणायच्या म्हणून पायऱ्या.
खडकात एक बसलेला,
नाक गेलेलं, एक हात गेलेला,
मांडीत मधमाश्यांचं जुनं पोळं.
कपाळाला कुणीतरी भंडारा लावलेला.
दुरगप्पाच्या गावचे त्याला अज्जा म्हणतात,
पाऊस मागतात.
हौसाक्काने भंडारा पुसला नाही.
चपला काढून शेजारी टेकली,
दमलेल्या माणसाशेजारी टेकावं तशी.

खाली अक्षरांची एक ओळ.
मी मराठी शाळेतली, दुरगप्पा कानडी तिसरी नापास,
हौसाक्काचा अंगठा.
जन्मभर पाट्यांवरून भांडणं ऐकली,
डांबर फासलेले मैलाचे दगड पाहिले;
इथं पहिल्यांदा
सगळेच सारखे अडाणी.
पान भिजलंय का बघताना फिरतं
तसं तिचं पिवळं बोट त्या ओळीवरून फिरलं.
"हात चांगला होता कोरणाऱ्याचा," म्हणाली,
"घाई केलेली नाही."

विहार म्हणजे पत्र्याची शेड.
बिदरकडचे भंते तीन दगडांवर चहा ठेवत होते.
वंदना आम्ही आमच्या चालीत म्हटली, त्यांनी त्यांच्या;
मधल्यामध्ये पाली
कशीबशी आम्हाला सांभाळून घेत राहिली.
बारा वाजून गेले होते,
त्यांनी भाकरीला हात लावला नाही.
चारही दुरगप्पाने खाल्ल्या.

भंते खोकले.
हौसाक्काने तो खोकला ओळखला.
"आधी विडी ओढत होता?"
"तुमच्याच निपाणीची," भंते हसले.
ती हसली नाही.
स्वतःच्या हातांकडे बघत राहिली चहा निवेपर्यंत.

परतताना
एक हात पाण्यात सोडून बसली होती.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग दुरगप्पाला म्हणाली,
शाळा आली की सांग.