भटारखाना खाली होता

शिकागोहून पश्चिमेला निघते ती गाडी, दोन रात्रींची.
तिच्या जेवणाच्या डब्यात मी एकोणीस वर्षं वाढपीण होते.

कप काठोकाठ भरायचा नाही
हे पहिल्याच दिवशी कळलं, एका पाद्र्याच्या मांडीवर.
वळण कुठे येतं ते गुडघ्यांना पाठ झालं,
डोळ्यांना फार नंतर.

टेबलं चौघांची. एकट्याला एकटं जेवू द्यायचं नाही, असा नियम.
मग मी बसवायचे
तेलविहिरीवरून घरी निघालेला पोरगा, नखं कितीही घासली तरी काळी,
त्याच्या शेजारी पर्स घट्ट धरलेली कुणी बाई,
समोर आमिश नवराबायको, खाली मान घालून प्रार्थना करणारे.
पहिली दहा मिनिटं चौघंही मिठाची बाटली बघत.
मग कुणीतरी विचारायचं, "तुम्ही कुठवर?"
गाडी खरी सुटायची ती तेव्हा.

वाटेत घड्याळ दोनदा मागे जायचं.
साडेसहाची माणसं साडेपाचलाच दारात,
आणि वर माझ्याशीच भांडायची.

भटारखाना खाली होता, डब्याच्या पोटात.
मध्ये एक लिफ्ट, सुटकेस मावेल एवढी.
खालून ऑर्लँडस पेटिग्रूचा आवाज यायचा,
"सात नंबर, व्हर्निता! बशी गरम आहे!"
आणि त्यामागून वाफ.

तिसऱ्या वर्षी कधीतरी
अंड्यांच्या बशीखाली चिठ्ठी आली:
"वर सगळे एकदम गप्प झालेत. काय आहे बाहेर?"

त्याच्या खिडकीतून रुळाकडेची खडी दिसायची, बस.
डोंगर यायचे जाताना रात्रीच्या जेवणाला,
परतताना नाश्त्याला,
आणि दोन्ही वेळा त्याचे हात तव्यावर.

मी पेन्सिलीने लिहिलं: अस्वल. काळं. मागे एक पिल्लू.
आणि सात नंबरला बटाटे जास्त हवेत.

मग सवयच लागली.
उष्ट्या बशांबरोबर मी खाली पाठवत राहिले
गोठलेली नदी, वाऱ्याकडे पाठ करून उभे घोडे,
शेजारच्या काचेच्या डब्यात पत्ते टाकून उठलेले म्हातारे,
लाकडी पुलाखालचं निळं काहीतरी, ज्याला मला शब्द सापडला नाही
म्हणून नुसतंच "निळं" लिहिलं, दोनदा.
काही नसलं तर थापही.
उत्तर डकोटात, जिथे दिवसभर गहू आणि आभाळ, आभाळ आणि गहू,
मी एकदा हत्ती पाठवला.
तासाभराने वर आला मुळ्यात कोरलेला हत्ती,
सोंडेत पार्सलीची काडी.
तो पाच नंबरच्या मुलीने खाऊन टाकला.

मग एका ऑक्टोबरात कागद आला: शेगड्या बंद.
आता जेवण खोक्यातून येतं.
वरचा पापुद्रा सोला, चार मिनिटं, टिंग.
लिफ्टमध्ये आम्ही कागदी रुमालांची पुडकी ठेवतो.

परवाच्या मे महिन्यात यादीत नाव होतं: पेटिग्रू, ओ. एक प्रवासी.
टाय लावून आला. टाय त्याला शोभत नव्हता.
नियमाप्रमाणे तिघा अनोळख्यांत बसवला.
खोकं उघडलं, वास घेतला, एक घास खाल्ला
आणि काटा इतक्या सभ्यपणे खाली ठेवला
की मला शिवी ऐकणं परवडलं असतं.
शेजारच्याला म्हणाला, "छान आहे."

मग डोंगर आले.
वर सगळे एकदम गप्प.
त्याने खिडकीला कपाळ टेकलं, लहान पोरासारखं,
बराच वेळ तसाच.
मग माझ्याकडे वळून, जरा तक्रारीच्या सुरात,
"तू लिहायचीस त्याहून लहान आहेत गं."

मी त्याच्या कपात कॉफी ओतली.
अर्धीच. पुढे वळण होतं.