पन्नास दिवे

पहाटे चारच्या सुमारास खारी गेली.
स्वयंपाकघराच्या दारात, फरशीच्या त्या गार पट्टीवर
जिथे ती उन्हाळाभर पसरायची.
मी पाणी प्यायला उठले होते.
रोजच्यासारखी तिला ओलांडून गेले,
परतताना थांबले.
शेपूट हललं नव्हतं.

उजाडेपर्यंत फोनवर अकरा शुभेच्छा.
पहिली बँकेची.

हेमंत म्हणाला, संध्याकाळचं रद्द करूया.
मी म्हणाले, साठ पानांची ऑर्डर आहे,
ॲडव्हान्स परत देत नाहीत.
हे मी म्हणाले. मीच.

ओजस पाचवीत होता तेव्हा सापडली,
धनकवडीच्या बेकरीमागे, रिकाम्या खोक्यात.
खोक्यावर नाव आधीच छापलेलं होतं,
आम्हाला वेगळं सुचवावं लागलं नाही.
आता ओजसला दाढी आहे,
आणि तो बाथरूममध्ये नळ सोडून बसलाय
बराच वेळ.

चांदणी चौकात ट्रॅफिक.
मागच्या सीटवर ती, सोलापुरी चादरीत.
सवयीनं तिच्या बाजूची काच खाली केली,
चार बोटं, नाकापुरती.
कुणी वर केली नाही.

भूगावच्या पुढे जाऊबाईंच्या भावाचा प्लॉट.
वर माती वीतभर, खाली नुसता मुरूम.
पहार लागली की ठिणगी उडायची.
खड्डा गुडघाभर झाला तेव्हा
सांगलीच्या मावशीचा फोन आला.
शतायुषी हो गं. आवाज का बसलाय?
धूळ आहे, मावशी.
आज वाढदिवसाच्या दिवशी कसली धूळ काढतेस?
थँक्यू म्हणाले,
पाटी खाली ठेवली,
पुन्हा उचलली.

संध्याकाळी क्लबहाउस. जांभळी पैठणी.
नखांतला मुरूम ब्रशनं काढला,
उजव्या करंगळीतला निघाला नाही.
सगळे म्हणाले, पन्नाशीची वाटत नाहीस.
कुणीतरी विचारलं, तुमची वाघीण कुठाय आज?
हेमंत म्हणाला, घरी आहे.
आणि मठ्ठा वाढायला निघून गेला,
वाढपी होते तरी.

मग औक्षण.
सुमेधावहिनींनी दुपारभर बसून केलेले
कणकेचे पन्नास दिवे, हळद घातलेले, उकडून,
तीन ताटांत, तुपाच्या वाती.
त्यांना माहीत नव्हतं. सांगितलंच नव्हतं त्यांना,
कणीक आधीच भिजवली होती म्हणाल्या होत्या सकाळी.

दर वर्षी मी पाटावर, ती डाव्या बाजूला,
आपलंही आहे अशा थाटात मान ताठ करून.
वहिनी मला ओवाळायच्या
आणि तोच हात खाली नेऊन तिला कुंकवाचं बोट लावायच्या.
ती ते पंजानं पुसायची,
दिवे विझायची वाट बघायची.
विझले की सगळे तिचे.

आज वहिनींनी मला ओवाळलं,
अंगठी फिरवली, सुपारी फिरवली,
आणि हात आपोआप डावीकडे खाली गेला.
तिथे सतरंजी होती.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
बोटावरचं कुंकू
मग त्यांनी ताटाच्या कडेला पुसलं,
आणि मोठ्यानं म्हणाल्या, चला, केक!

केक कापला. फुगे फोडले.
हसले मी, फोटोत दिसतंय,
खोटं नव्हतं ते, हेही सांगायला हवं.
माझी शाळेतली शुभदा पंचवीस वर्षांनी भेटली,
तिच्या नवऱ्याच्या विगची गोष्ट तिने सांगितली
आणि मी खुर्चीला धरून हसले.
हसता हसता आठवलं.
पण आधी हसले.

साडेअकराला घर.
किल्ली लावताना आतून नखांचा आवाज येतो,
तो येण्याइतका वेळ तिघंही दारात उभे राहिलो,
मग ओजसनं कडी काढली.

वहिनींनी डबा भरून दिला होता.
सगळे झोपल्यावर उघडला.
पन्नास दिवे, काळ्या वाती, थिजलेलं तूप.
कुणाला द्यायचे?
ओट्याशी उभी राहून मी एक खाल्ला.
मीठ नाही. साखर नाही.
हळद, कच्चट कणीक, जळक्या कापसाचा वास.
आणि यासाठी ती सकाळपासून
माझ्या पायात पायात करायची.

पाणी प्यायले.
दाराकडे न बघता
उंबऱ्याच्या अलीकडून पाय उंच उचलला
आणि ओलांडून आले.