नग तेवीस

बंदूक नाही माझ्याकडे. कधी नव्हतीच.
फक्त गज.
बंदुका मोडीत गेल्या, कुणी कुठे नेल्या,
नळीच्या पोटाखाली निजणारी सळई तेवढी मागे राहिली,
कशाच्या ना कशाच्या कामी येत.

कामठीच्या भंगारात रज्जबभाई लांबूनच हाक मारतात,
"आओ गजवाले साहब,"
आणि पोत्याखालून काढतात पडद्याची दांडी, कुलरची खिट्टी.
एकदा तर सदरच्या ठेल्यावरची शीग दिली,
चाळीस वर्षं तिच्यावर खिमा भाजलेला,
तरी टोकाशी चिंधी ओवायचा डोळा शाबूत.
सोड्यात उकळली दोनदा.
कपाट तापलं की अजून वास येतो.

ओळखायचा कसा, विचारतात लोक.
आधी काचेवर लोळवायचा. सरळ असेल तर मुकाट जातो,
वाकडा असेल तर टकटक करतो.
मग व्हर्निअर. मग आटे, नखानं मोजत.
आजच्या नटात सहज फिरला, तर समजावं
गेल्याच वर्षी कुठल्याशा लेथवर जन्मलाय,
मिठाच्या पाण्यात गंजवलाय.
खरा गज आपल्या नटात जात नाही.
दीड आट्यावर अडतो.
त्या अडण्यासाठी मी मे महिन्यात
कानाला दुपट्टा बांधून हिंडतो, खिशात कांदा.

छत्तीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात गेजवर होतो.
एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो,
दिवसभर एवढाच निवाडा.
निरोपाला घड्याळ मिळालं, रोज दोन मिनिटं मागे पडणारं.

काही गजांवर बारीक बाण असतो, सरकारी मालकीचा.
काहींवर दोन, टोकाला टोक भिडलेले:
नोकरीतून काढला, आता कुणीही विकत घ्यावा.
हे पहिल्यांदा कळलं त्या संध्याकाळी
भिंग खाली ठेवून मी बराच वेळ
हाताचं ग्रीस पुसत बसलो. ग्रीस नव्हतं.

नग तेवीस कपाटात नाही.
गोळीबार चौकाच्या मागे यादवराव धकाते राहतात,
कोष्ट्याचं घर, माग विकून दहा वर्षं झाली,
मागाचा खड्डा तेवढा उरलाय, त्यात कांदे ठेवतात.
खिडकीला सहा गज. पाच चौकोनी, लोहाराचे.
सहावा गोल, वर जाताना किंचित निमुळता,
आणि चौकटीखाली बोटभर अंतरावर
डोळा.
माझं बोलणं तुटलं. चहावर साय धरली.

"नवा बसवून देतो," म्हटलं. "वर हजार देतो."
"काहून?"
"बंदुकीचा आहे हो तो."
यादवराव खिडकीकडे पाहत राहिले, जणू पाहुणा आलाय.
"माह्या बापानं लावला थो. त्याच्यावर ओलं सूत टांगे.
आमच्याकडं गज म्हंजे तीन फूट कापड,
तुमच्याकडं बंदूक.
खिडकीले काय मालूम?"
मग थोड्या वेळानं, "काढला तं चौकट बसते, भाऊ."

चौकट खरंच बसली असती. मी हलवून पाहिली.

जागच्या जागी मोजला. जाडी लिहिली,
डोळ्याची लांबी लिहिली, त्यात अडकलेला
नातीच्या राखीचा लाल दोराही लिहिला.
सुताच्या घासणीनं मधोमध पडलेली झिलई लिहिली,
तशी दुसऱ्या कुठल्याच गजावर नाही.
आटे असलेच तर खालच्या लाकडात पुरलेले.
वहीत तो रकाना मोकळा आहे,
बावीस भरलेल्या रकान्यांखाली.
गो की नो-गो, मला सांगता येणार नाही.

वर्षातून एकदा जातो, आखाजीच्या आसपास,
फ्लॅनेलची चिंधी आणि शिवणयंत्राचं तेल घेऊन.
यादवराव खाटेवरून म्हणतात,
"त्या पाचाइलेही लावजा."
लावतो.