मागच्या चाकांचा वाटा

उणे एकतीस. गॅरेजचं दार उघडलं
की आधी थंडी आत येते, मग गिऱ्हाईक.
आज इंगा-मारेत आली,
घरोघर म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देत फिरणारी.
म्हणाली, वुओलेरिमच्या चढावर गाडी घसरते, गुन्वोर,
मागून कोणी हातच लावत नाही असं वाटतं.

डॅशबोर्डवर दिवा?
एकही नाही.

लिफ्टवर चढवली. पोटाखालचं बर्फ
माझ्या मानेवर वितळत राहिलं.
मागच्या आसाला चिकटलेला ॲल्युमिनियमचा डबा,
त्यात चकत्यांची चवड:
एक इंजिनाकडची, एक मागच्या चाकांकडची,
पुन्हा एक, पुन्हा एक,
पिसलेल्या पत्त्यांसारख्या एकमेकींत,
मध्ये तेलाचा पातळ पदर.

पुढची चाकं घसरली की पंप तेल दाबतो,
चकत्या एकमेकींना धरतात
आणि पीळ मागे जातो.

पीळ म्हणजे तोच,
ओली चादर पिळताना
जो दोन टोकांना दोन माणसं मागतो.

फिल्मोन, माझा शिकाऊ, अस्मारातून आलेला,
त्याला सगळं कायमचं हवं असतं.
मग घट्टच का नाही धरून ठेवत? म्हणाला.
धर की. मग कोरड्या रस्त्यावर वळून बघ,
पुढची चाकं लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा,
रबर कुरकुरतं, दांडा कण्हतो.
थोडं निसटू द्यावं लागतं.
निसटताना चकत्या तापतात, झिजतात.
त्याला इलाज नाही, म्हणून तेल.

पंप सोडवला. तोंडावरची जाळी
काळ्या गाळाने लिंपलेली.
बाहेरची घाण नव्हती ती;
चकत्यांच्याच अंगावरून झडलेला भुसा
तेलातून वाहत आला
आणि तेलाच्याच घशात बसला.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात;
इथे सुंभ शाबूत,
लांबलचक दांडा निमूट फिरतोय,
आणि पीळच गेलेला.

किती दिवसांपासून?
तेल कधी बदललंत?
गाडी आईची आहे, ती म्हणाली. कधीच नाही बहुतेक.
मग दोन हिवाळे तरी.

दोन हिवाळे पुढचीच ओढत होती?
हो.
आणि मागची?
मागची बरोबर फिरत होती.

ती हसली. मग हसू कुठेतरी अडकलं.
हातमोजे न घालताच बाहेर गेली, फोन लावला.
काचेपलीकडे तिच्या तोंडाची वाफ
बराच वेळ एकटीच बोलत होती.
फिल्मोन कॉफी घेऊन दार उघडायला गेला तेव्हा
एवढंच ऐकू आलं:
नाही रे आस्लाक, दिवा लागत नाही,
म्हणून तर सांगतेय.

जाळी धुतली, नवा पंप, पाऊण लिटर तेल.
संध्याकाळी, म्हणजे दुपारी अडीचला,
गाडी गोठलेल्या तळ्यावर नेली.
पाय दाबला. क्षणभर पुढची दोन भिरभिरली,
मग कमरेला कोणीतरी मागून रेटा दिला
आणि फिल्मोन टिग्रिन्यात काहीतरी ओरडला.

बिल दोन नावांवर कर, इंगा-मारेत म्हणाली,
अर्धं-अर्धं. दुसऱ्याचा पत्ता माल्म्यो.
तो देईल?
खांदे उडवले तिने. पाठव तर.

मी पाठवलं. उत्तर अजून नाही.
अंगठ्याच्या रेषेत तो काळा भुसा आहे,
दोनदा साबण लावला.