पाव्हना

आमच्या घरात बाज हलवायची नाही.
माठ, शिलाई मशीन, पिठाचा डबा,
दाराशी केळीच्या रिकाम्या खोक्यांची चळत,
जे जिथे आहे ते तिथेच.
सुनेला पहिल्या दिवशी हेच सांगितलं,
देवघर कुठे आहे ते नंतर.

कुमुदजिजी, माझी नणंद.
तिला पाहायला बारा वेळा पाहुणे आले.
रावेरचे, चोपड्याचे, एकदा थेट बऱ्हाणपूरचे.
बारा वेळा पोहे,
बारा वेळा "जरा चालून दाखव, बेटा".
ती ओट्यापासून तुळशीपर्यंत जायची:
ठक्, सर्र. ठक्, सर्र.
पोहे मात्र सगळ्यांनी संपवले.

तेराव्या वेळी ती स्वतः गेली पाहायला.
भुसावळला, रेल्वे क्वार्टरात,
झांबरे गार्डांच्या कुत्रीला सहा पिल्लं झालेली.
पाच धावत आली, पदर ओढू लागली.
सहावं कोपऱ्यात, नाक वर करून,
डोळ्यांवर दुधाची साय.
गार्ड म्हणाले, ते नका नेऊ, आंधळं आहे,
त्याचं काय करायचं ते बघू आम्ही.
जिजी म्हणाली,
"हाच द्या. हा तरी मले पाह्यनार नाही."
गार्ड हसले.
मग हसायचे थांबले, दोरी शोधायला आत गेले.

नाव ठेवलं पाव्हना.
घर त्याने कपाळाने पाठ केलं.
महिनाभर टेंगळं, मग एकही नाही.
तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायला घातली की परसात हजर,
मिरची कुटायला घेतली की बाजेखाली.

पण एप्रिलात फैजपूर असं तापतं
की भिंतीला पाठ टेकवत नाही.
बाजा अंगणात काढाव्याच लागल्या.
त्या रात्री तो आतल्या खोलीत गेला,
चार पायांच्या खुणांच्या मधोमध बसला
आणि वर नाक करून नुसता हुंगत राहिला.
नुसती हवा.
आम्ही हाका मारल्या. चारी बाजूंनी मारल्या,
तो गरगर फिरला.
मग जिजी पाणी प्यायला उठली.
ठक्, सर्र.
तो उठला, तिच्या मागोमाग अंगणात आला,
तिच्याच बाजेखाली पसरला.

परवाच्या वर्षी जळगावच्या शिबिरात
जिजीला बूट मिळाला, एका पायाचा,
दीड इंच जाड तळाचा.
एक्कावन्नाव्या वर्षी ती सरळ चालली.
गल्ली दारात आली.
सासूबाई रडल्या, मीही थोडी.
संध्याकाळी ती घरात शिरली:
ठक्, ठक्.
पाव्हना ताठ उभा राहिला
आणि भुंकला. परक्यावर भुंकतात तसा.
"अरे, मी."
तरी भुंकला.

बूट ती वापरते अजून.
बँकेत, सावद्याच्या बाजारात, लग्नाला.
बारांपैकी दोन-तीन जण भेटतातही तिथे,
त्यांच्यापुढून ती बूट वाजवत जाते.
मग घराच्या ओट्यावर बसते, नाडी सोडते.
मी एकदा विचारलं, रोज कशाला गं हे?
म्हणाली, चपला तर सगळेच दारात काढतात.
आणि आत गेली.
ठक्, सर्र.